काच लावलेलं कपाटाचं दार घासतं, खडखडतं, तडकतं: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्या कपाटात दिसत असेल तर पुढचं कामाचं आहे.

– दाराचा मुठीकडचा खालचा कोपरा तळफळीला घासतो. दोन दारांमधली फट वर बारीक आणि खाली रुंद दिसते.
– दार लावताना काच खडखडते. कधी कधी खोलीत कुणी जोरात चाललं तरी वाजते.
– मृगाचा पाऊस लागला की दार अडकायला लागतं आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळं होतं.
– काचेच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेलाय, पण कुणी काही आपटलेलं नाही.
– वरून चिकटवलेली काच दाराच्या खालच्या कडेच्या बाहेर जराशी डोकावते आहे.

बेळगाव शहर, खानापूर आणि निपाणी-चिकोडी या भागात मी कपाटांची कामं करतो. नक्षीची किंवा फ्लुटेड (पन्हळीसारख्या रेषांची) काच लावलेल्या दाराची तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा निदान आधीच ठरलेलं असतं: "मेस्त्री, काच खराब लागली की हो," नाहीतर "बिजागरी हलकी घातलीय बघा." बहुतेक वेळा काचही चांगली असते आणि बिजागरीही. काच नेमकी कशावर टेकली आहे आणि तिचं वजन कुठून कुठं जातं, हे बसवताना कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून दार घासायला लागलं की लगेच रंधा मारू नका. काढलेलं लाकूड परत येत नाही आणि मूळ दोष तसाच राहतो.

काच आधीच तडकली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. तड्यावरून आणि काचेच्या चारी कडांवरून दोन्ही अंगांनी रुंद चिकटपट्टी लावा, दार बंद करा, पोरांना त्या खोलीपासून लांब ठेवा आणि थेट शेवटच्या भागाकडं जा.

काच कशी लावली आहे ते बघा

याला पैसे लागत नाहीत, दार उघडून मागून बघायचं एवढंच. पण पुढचं सगळं यावर ठरतं, म्हणून इथं जरा सविस्तर सांगतो.

काचेचं वजन काढणं सोपं आहे. १ चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. आपल्या फुटाच्या हिशेबात ४ मिमी काच चौरस फुटाला किलोपेक्षा थोडी कमी आणि ५ मिमी काच किलोपेक्षा थोडी जास्त. १९ मिमी प्लायवूडही चौरस फुटाला किलोच्या थोडं वरच जातं.

आता पहिला प्रकार, दारावर वरून चिकटवलेल्या काचेचा. दीड फूट बाय सहा फुटाचं दार घ्या, म्हणजे ९ चौरस फूट. नुसतं प्लायचं दार साधारण १० किलो भरतं. त्यावर ४ मिमीची रंगीत काच पूर्ण चिकटवली की आणखी ८ किलोच्या वर वजन चढतं. म्हणजे दार जवळजवळ दुप्पट जड झालं आणि बिजागऱ्या मात्र पहिल्याच. असं दार लटकलं तर त्यात बिजागरीचा काही गुन्हा नाही.

दुसऱ्या प्रकारात प्लायच्या दारात खिडकी कापून काच बसवलेली असते. तिथं ५ मिमी काच घातली तरी वजन फारसं वाढत नाही, कारण तेवढंच प्लाय निघून गेलेलं असतं. तिथली अडचण वेगळी. प्लायची अख्खी फळी दाराला चौकोनी धरून ठेवत होती, आता फक्त चार बाजूंच्या पट्ट्या उरल्या. ब्लॉकबोर्ड असेल तर अजून वाईट: आतल्या लाकडी पट्ट्या दाराच्या उंचीत उभ्या असतात, त्यामुळे खिडकी कापल्यावर वरच्या आणि खालच्या आडव्या भागात त्यांचे आखूड तुकडेच राहतात आणि तो भाग सहज वाकतो. पट्टी चारी बाजूंनी निदान ३ इंच तरी सुटलेली हवी. दोन इंचांच्या पट्टीवर मोठी काच दिसली की ते दार पुढंमागं पिळणारच, असं मी धरून चालतो.

तिसरा प्रकार जुन्या सागवानी कपाटांचा. रुखवतात आलेलं आजीचं कपाट, त्याचे लाकडी दिले (चौकटीत बसवलेल्या फळ्या) काढून काच लावलेली. अर्धा इंच सागाचा दिला चौरस मीटरला साधारण ८ किलो, ५ मिमी काच साडेबारा. शिवाय जुना दिला चौकटीच्या खोबणीत असतो. काच घालायला खोबणीची मागची कड तासून काढावी लागते आणि पुढं पातळ ओठ तेवढा उरतो. चौकटीचे सांधे मुळात सैल असतील तर ते काचेच्या वजनानं उघडतात. (काढलेले दिले फेकू नका, माळ्यावर ठेवा. तसलं लाकूड आज मिळणं अवघड आहे, आणि मन बदललं तर ते परत बसवता येतात.)

चौथा प्रकार ॲल्युमिनियम प्रोफाइलचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तयार पट्ट्यांच्या चौकटीचा. त्याचं पुढं थोडक्यात येईल.

फट वाचा, मग कपाट समतल आहे का बघा

दार बंद करून चारी बाजूंची फट नीट पाहा. जाड पुठ्ठ्याचा तुकडा फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवला की कुठं अडतो ते कळतं. फट पाचरीसारखी, म्हणजे एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद असेल तर दार लटकलंय किंवा कपाट तिरकं झालंय. फट सगळीकडं सारखीच बारीक झाली असेल तर लाकूड फुगलंय. या दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून हे आधी ठरवायचं.

मग कपाटाखाली बघा. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी किंवा कोबा असतो आणि तो भिंतीकडं एका पातळीत क्वचितच सापडतो. कपाटाच्या वरच्या फळीवर पाणसळ ठेवा. ती नसेल तर टेपनं कपाटाच्या तोंडाचे दोन कर्ण मोजा. दोन्हींत एका सुतापेक्षा, म्हणजे सुमारे ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर कपाट पिळलेलं आहे. पुढच्या एका पायाखाली लाकडाची पातळ पाचर सरकवा आणि मधली फट बघत राहा. सुधारत नसेल तर दुसऱ्या पायाखाली. कपाट उचलायच्या आधी आतल्या गोधड्या, भांडी, ट्रंका काढा. काचेच्या दारांचं भरलेलं कपाट एकट्यानं हलवू नका.

हे बिजागरीच्या आधी करायचं, कारण पिळलेल्या कपाटावर बिजागऱ्या जुळवल्या तर कपाट हललं की ती जुळवणी परत बिघडते. पुष्कळ घरांतलं काम इथंच संपतं, एका पाचरीवर.

बिजागरीचे स्क्रू

दार हातानं मुठीकडून किंचित वर उचलून पाहा. बिजागरीपाशी हालचाल दिसली तर स्क्रू सैल आहेत. ते आवळा. स्क्रू नुसता फिरतोय, घट्ट होत नाही, तर भोक खराब झालंय. दाराला खालून आधार द्या, तो स्क्रू काढा, भोकात बांबूच्या बारीक काड्या पांढऱ्या गोंदात बुडवून ठोकून भरा, रात्रभर वाळू द्या, मग बारीक भोक पाडून स्क्रू लावा. पार्टिकल बोर्डात (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीत) हा उपाय टिकत नाही. तिथं बिजागरीच्या जागी प्लायचा तुकडा बसवावा लागतो.

दाराच्या आतल्या अंगाला गोल वाटी बसवलेली ऑटो हिंज असेल तर तिला जुळवायचे स्क्रू असतात. दाराकडचा पुढचा स्क्रू दार डावी-उजवीकडं सरकवतो, मागचा आतबाहेर, आणि कपाटाच्या बाजूवरल्या प्लेटचे स्क्रू वर-खाली. लटकलेलं दार उचलायचं असेल तर वरच्या बिजागरीचा पुढचा स्क्रू फिरवून दाराचं डोकं बिजागरीच्या बाजूला ओढा आणि खालच्या बिजागरीनं दाराचा पाय विरुद्ध बाजूला ढकला. एका वेळी अर्धा फेरा, मग दार लावून बघायचं. साध्या पितळी किंवा लोखंडी बिजागरीला ही सोय नसते. तिथं खालच्या बिजागरीच्या पानामागं पत्त्याएवढा जाड पुठ्ठा घालून स्क्रू परत आवळला की मुठीकडचा कोपरा उचलतो.

स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही दार जागेवर येत नसेल, किंवा महिन्याभरात परत लटकत असेल, तर बिजागऱ्या मोजा. पावणेदोन-दोन फुटांपर्यंत रुंद दाराला ३ फूट उंचीपर्यंत २, साधारण सव्वापाच फुटांपर्यंत ३, साडेसहा फुटांपर्यंत ४ आणि त्यावर ५, असा ऑटो हिंजचा सर्वसाधारण हिशेब आहे. त्याच्याच जोडीला वजनही बघायचं असतं: ३ बिजागऱ्यांवर १२ किलोच्या आसपास, ४ वर १७ च्या आसपास. वरचं काच चिकटवलेलं दार १८ किलोच्या वर गेलं होतं, म्हणजे उंची ६ फूट असली तरी त्याला ५ पाहिजेत. वाढवायची बिजागरी वरच्या बिजागरीच्या जवळ घाला. लटकत्या दाराचा सगळ्यात जास्त ओढा वरच्या बिजागरीवर येतो.

खडखड

बोटाच्या पेरानं काचेवर चारी कोपऱ्यांत आणि मध्ये टिचकी मारा. घट्ट बसलेल्या जागी बद्द आवाज येतो, सैल जागी झणझण. सैल जागेवर खूण करा.

काचेला मागून धरणाऱ्या पट्टीचा खिळा सुटला असेल तर पट्टी दाबून परत बारीक खिळा मारा, पण काचेला समांतर, आणि हातोडी व काच यांच्यामध्ये पुठ्ठा धरून. खिळा तिरका जाऊन काचेच्या कडेला टेकला तर तडा आज पडणार नाही, दोन महिन्यांनी पडेल. पट्टी घट्ट असूनही काच वाजत असेल तर पट्टी आणि काच यांच्यात पातळ रबरी गॅस्केट किंवा फेल्टची पट्टी सरकवा. पट्टी आवळून काच गप्प करू नका. काचेला गादी हवी, पकड नको.

सिलिकॉन वापरायचं झालं तर न्यूट्रल सिलिकॉन, तेही जागोजागी थेंबानं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन आरशाचा पारा आणि मागून रंगवलेल्या काचेचा रंग खातं. काही महिन्यांनी काचेच्या कडेला काळे-तपकिरी डाग दिसायला लागतात आणि ते निघत नाहीत. नळी घेताना दुकानातच विचारा.

चिकटवलेली काच सरकते का

काचेच्या खालच्या कडेपाशी दाराच्या बाजूवर पेन्सिलनं बारीक रेघ मारा. आठवड्यानं बघा. काच रेघेच्या खाली गेली असेल तर नुसती दुतर्फी टेप किंवा सनमायकावर लावलेलं सिलिकॉन तिला धरून ठेवत नाही. पुष्कळदा सिलिकॉन चांगलं असतं, पण खालचा सनमायकाच प्लायपासून सुटलेला असतो. वरून आणखी सिलिकॉन भरून हे थांबत नाही. दार वापरणं बंद करा. खाली ॲल्युमिनियमची पट्टी लावून तिच्यावर काच टेकवली पाहिजे आणि त्यासाठी काच उतरवावी लागते. माझं स्पष्ट मत असं की सहा-सात फुटी दारावर अख्खी काच चिकटवूच नये. तशीच हौस असेल तर खाली टेकू आणि बिजागऱ्या आधीपासून वजनाप्रमाणे, हे दोन्ही हवंच.

ओल

आपल्या भागाची ही खास अडचण. कणकुंबी-जांबोटीकडं पावसाळ्यात चार महिने भिंतीही ओल्या असतात, आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडं पाऊस बेताचा. एप्रिलच्या कोरड्या हवेत केलेली लाकडी चौकट जुलैत खानापूरच्या घरात बसवली तर ती फुगणारच. लाकूड फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून उभ्या पट्ट्या दोन्हीकडून आत सरकतात आणि काचेला मोकळी जागा सोडलेली नसेल तर काच आवळली जाते.

कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढं ओढा. मागची फळी हातानं चाचपा. गार, ओलसर किंवा बुरशी लागलेली असेल तर आधी भिंतीची ओल थांबवा. मग दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेवरून हात फिरवा. दर्शनी भागाला पॉलिश आणि या दोन कडा कोऱ्या, हे मला सतत दिसतं. काच बसवलेली खाचही आतून कोरीच असते. हवेतली ओल लाकूड तिथूनच पितं. दिवाळी झाली, दार सुकून मोकळं झालं की या कडांना पॉलिश किंवा रंगाचे दोन हात द्या. पुढच्या पावसात फरक दिसेल.

रंधा मारायचाच असेल तर तो याच्या नंतर, कोरड्या महिन्यांत, काच उतरवून. भर पावसात तासलेलं दार उन्हाळ्यात बोटभर फट दाखवतं.

कोपऱ्यातला तडा

सगळ्यात खर्चिक तक्रार ही, आणि तिच्या कारणाकडं सगळ्यात कमी लक्ष जातं.

खाच आता राउटर मशीननं पाडतात. राउटरचं पातं गोल फिरतं, त्यामुळे खाचेचा आतला कोपरा गोल राहतो. काचेचा कोपरा मात्र काटकोनी. काच बसते, वरवर सगळं ठीक दिसतं, पण कोपऱ्यात ती एका बिंदूवर टेकलेली असते. दार रोज आपटतं, पावसात चौकट आवळते आणि तडा तिथूनच निघतो. तडकलेली काच निघाल्यावर तडा कुठून सुरू झाला ते बघा. कोपऱ्यातून असेल तर पटाशीनं खाचेचे चारी कोपरे काटकोनात करून घ्या. कडेच्या मधून असेल तर तिथं खिळ्याचं टोक, गोंदाचा वाळलेला गोळा किंवा वाळूचा कण सापडेल. हे न बघता त्याच मापाची दुसरी काच लावली तर तीही तडकते. ग्राहकाचा मग काचवाल्यावरचा विश्वास उडतो आणि खरं कारण खाचेतच राहतं.

नवी काच मागवताना रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. उंचीही तशीच. यातलं सगळ्यात लहान माप धरून त्यातून ४ मिमी वजा करा, म्हणजे प्रत्येक बाजूला २ मिमी मोकळे राहतील. खानापूरकडं सागाची किंवा जंगली लाकडाची चौकट असेल तर मी रुंदीत ५ वजा करतो. खाली दोन ठिकाणी, कोपऱ्यापासून थोडं आत, पातळ रबराचे तुकडे ठेवून त्यावर काच टेकवायची.

माप कागदावर मिलिमीटरमध्येच लिहून द्या. आम्ही सुतार फूट-इंच-सुतात बोलतो, काचवाला मिलिमीटरमध्ये कापतो, आणि फोनवर सांगितलेलं "पाच सूत" दुकानात पोचेपर्यंत काय होईल सांगता येत नाही. रुंदी आधी, उंची नंतर, असं शब्दात लिहा. फ्लुटेड काच असेल तर रेषा उभ्या की आडव्या तेही लिहा.

साधी काच फुटली की लांब धारदार तुकडे होतात, टफन्ड काच फुटली की बारीक बोथट दाणे. मोठ्या दाराला, त्यातही खालच्या भागात, टफन्डच घ्या. तिच्या कोपऱ्यात बहुधा बारीक शिक्का असतो. सुरक्षा काचेसाठीचं भारतीय मानक आयएस २५५३ आहे, घेताना त्याची विचारणा करा. मात्र टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता, घासता किंवा भोक पाडता येत नाही. तिची मापं आणि मुठीचं भोक आधीच पक्कं हवं. साधी काच तशीच ठेवायची असेल तर मागून सेफ्टी फिल्म लावून घ्या, म्हणजे फुटली तरी तुकडे धरून राहतात. फ्लुटेड काचेवर फिल्म सपाट अंगालाच चिकटते.

ॲल्युमिनियम प्रोफाइलच्या दारात एवढं तपासावं लागत नाही. कर्ण मोजा, कोपऱ्यांतले जोडणीचे स्क्रू आवळा, गॅस्केट आखडून कोपऱ्यात फट पडली असेल तर ते बदला. प्रोफाइलच वाकलं असेल तर ते सरळ करायच्या भानगडीत पडू नका, नवं घ्या.

कुठं थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

काच तडकली असेल, किंवा टफन्ड काचेच्या कडेचा टवका उडाला असेल तर स्वतः उतरवू नका, काचवाल्याला बोलवा. टवका उडालेली टफन्ड काच नंतर अचानक पूर्ण फुटू शकते. काच एका माणसाच्या दोन्ही हातांत मावणार नाही एवढी मोठी असेल, सरकत असेल, किंवा सरकत्या दाराची असून वरच्या रुळातून सुटली असेल, तरीही तेच. तो येईपर्यंत दार बंद करून खाली लाकडाचा ठोकळा लावून ठेवा.

चौकटीचे सांधे उघडले असतील, काचेच्या खिडकीभोवतीची पट्टी वाकली असेल, किंवा बिजागरीपाशी प्लायचे थर सुटले असतील तर सुतार. लाकडाचा भुगा, मातीची रेघ किंवा पोकळ आवाज सापडला तर आधी वाळवीचा उपचार, सुतार त्याच्यानंतर. भिंतीची ओल कपाट पुढं ओढूनही मागच्या फळीवर येतच राहिली तर गवंड्याला दाखवा. आणि ज्याला बोलवाल त्याला काम सुरू करायच्या आधी एवढंच विचारा, की काच खाली कशावर टेकणार आणि बाजूंना किती जागा सोडणार. तो टेप काढून मोजायला लागला तर काम त्याच्याकडं द्या.